एफ-८चा अतिरिक्त कार्यभार

प्रस्तुत मार्गदर्शिका नशिराबाद व पंचक्रोशीतील खत-बियाणे विक्रेते, आडते, किराणा दुकानदार आणि त्यांचे मुनीम यांच्यासाठी आहे. ज्यांच्या लॅपटॉपच्या सर्वांत वरच्या ओळीतली एफ-१ ते एफ-१२ ही बटणं एके सकाळी, कसलीही नोटीस न देता, काम करेनाशी झाली आहेत, त्यांनी ती दुकानातच, उभ्याउभ्या, गिऱ्हाइकाला ‘दोन मिनिटं थांबा’ असं सांगून वाचावी. ज्यांची बटणं चालू आहेत त्यांनीही वाचून ठेवावी. वीस तारीख दर महिन्याला येते, आणि मासिक जीएसटीचं विवरणपत्र भरण्याची मुदत त्याच दिवशी संपते, हे या बटणांना कुठून कळतं ते विज्ञानाला अजून उमगलेलं नाही.

लक्षणं

मुनीम विक्रीचं व्हाउचर उघडायला एफ-८ दाबतो. व्हाउचर उघडत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक विमान येतं आणि दुकानाचं इंटरनेट जातं. पुन्हा दाबलं की विमान जातं, इंटरनेट येतं, व्हाउचर मात्र येत नाही. मग मुनीम पेमेंटची नोंद करायला एफ-५ दाबतो, तर पडदा अंधारतो. रिसीटसाठी एफ-६ दाबतो, तर उजळतो. पैसे गेले की अंधार आणि आले की उजेड, यात शेठजींना सुरुवातीला काही बिघाड वाटतच नाही. उलट कंपनीनं विचार करून बनवलेलं दिसतंय, असं त्यांचं मत पडतं.

“शेठ, वरची बटनं चालू नही राहिली.”

“काल तं चालत होती ना भो?”

“कालचं काय सांगू शेठ. काल माझ्यासमोर चालत होती.”

इथं ‘माझ्यासमोर’ या शब्दावर मुनिमानं दिलेला जोर ध्यानात ठेवावा. पुढच्या चौकशीत तो कामी येतो.

तुमच्या लॅपटॉपवर विमान एफ-८ वर नसून एफ-७ वर किंवा एफ-१२ वर असेल. कुठलं चित्र कुठल्या बटणावर बसवायचं याबाबत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये एकमत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येही नाही. म्हणून शेजारच्या दुकानदाराचा लॅपटॉप पाहून आपल्याला शहाणपण सांगू नये आणि त्याचंही ऐकू नये.

आता कुणी विचारील, एवढं काय त्या बटणांचं? माऊस आहे की! हा प्रश्न मुनिमासमोर विचारू नये. टॅली हा प्रोग्रॅम १९८६ साली बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला हवा होता, म्हणून त्यांच्या मुलानं, भरत गोएंकांनी, तो लिहिला. ते दिवस काळ्या पडद्याचे. सगळा कारभार बटणांवर. एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. पुढे टॅलीच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, पडद्याचे रंग बदलले, विक्रीकर गेला, व्हॅट आला, व्हॅट गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पण विक्री एफ-८ वर होती ती एफ-८ वरच राहिली. महाराष्ट्रात इतकी वर्षं एका जागी टिकलेलं दुसरं खातं दाखवा. एफ-८ शोधायला मुनिमाला खाली पाहावं लागत नाही; डोळे खतांच्या पावतीवर, बोट आपोआप जागेवर. टॅलीच्या पडद्यावर उजव्या कडेला हीच सगळी बटणं माऊससाठी मांडून ठेवलेली असतात, आणि आणीबाणीत ती वापरून वीस तारीख सहज निभावता येते. पण मुनिमाला तसं सुचवणं म्हणजे त्याच्या नोकरीची वर्षं एका वाक्यात पुसून टाकणं आहे. शेठजींनी हा धोका पत्करू नये.

पायरी पहिली : पंचनामा

सर्वप्रथम दोषी शोधावा. दुरुस्ती नंतर. ही पायरी वगळली तरी लॅपटॉपच्या प्रकृतीत काही फरक पडत नाही, पण घरच्यांचं समाधान होत नाही.

संशयित नेहमीचेच. पहिला ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की माणसापासून म्हशीपर्यंत सगळ्यांच्या वागण्यातला बदल उन्हाच्या खात्यावर टाकता येतो. उन्हानं लॅपटॉप मंदावतो, पंखा भणभणतो, फारच झालं तर तो स्वतःहून बंद पडतो, हे खरं. पण अक्षरं सोडून, आकडे सोडून, नेमक्या वरच्या ओळीलाच लागणारं ऊन खान्देशातही पडत नाही. ऊन निर्दोष सोडावं.

दुसरा संशयित धूळ. हायवेला सरकारदरबारी आता त्रेपन्न नंबर आहे. गावात अजून त्याला ‘सहा नंबर’च म्हणतात. त्याच्या कडेला दुकान असेल तर धुळीवर आरोप ठेवायला कुणाची हरकत नसते. तिची सुनावणी पुढं आहे.

तिसरा नातू. नातवानं काल रात्री लॅपटॉपवर कार्टून पाहिलं होतं. आवाज वाढवला होता. कुठलं बटण दाबलं ते आठवत नाही म्हणतो. त्याला रागावू नये; पण त्याचं म्हणणं शब्दशः टिपून ठेवावं. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे आणि पंचनाम्यात नेमकी त्याचीच नोंद होत नाही, कारण आजी मध्ये पडतात.

पायरी दुसरी : जावईबापू

नशिराबादला ज्यांच्या घरात हिंजवडीला नोकरी करणारा एकही माणूस नाही त्यांनी शेजाऱ्यांचा वापरावा. शक्यतो जावई घ्यावा. मुलगा ऐकत नाही, पुतण्या फोन उचलत नाही, जावयाला मात्र दोन्ही करावं लागतं.

“जावईबापू, कामात तं नही ना?”

“नाही मामा, बोला ना,” असं जावई मीटिंगमधून उठून म्हणतो.

तो पहिला प्रश्न विचारील : रीस्टार्ट केला का? यावर शेठजींनी घाईनं ‘हो’ म्हणू नये. आपण केलेलं असतं ते वेगळंच असतं. आपण लॅपटॉप बंद करतो, देवाचं नाव घेतो आणि पुन्हा चालू करतो. २०१२ च्या विंडोज-८ पासून एक सोय आली, तिचं नाव फास्ट स्टार्टअप. ती चालू असली की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून घेतं. म्हणजे काल रात्रीचा हट्ट आज सकाळी जसाच्या तसा हजर. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र ते खरोखर पहिल्यापासून उठतं. गंमत अशी, की जो माणूस मन लावून बंद करतो त्याचा लॅपटॉप अर्धवट बंद होतो आणि जो घाईत रीस्टार्ट मारतो त्याचा पुरता.

रीस्टार्टनं काम झालं तर जावयाचे आभार मानून मार्गदर्शिका मिटावी. झालं नाही तर तो ‘एनीडेस्क’ घ्यायला सांगतो. त्यानं पुण्यात बसून नशिराबादचा पडदा आपल्यासमोर ओढून घेतला, की दुकानात शांतता पसरते. बाण आपोआप फिरू लागतो. युरियाची गोणी घ्यायला आलेला माणूसही गोणी खाली ठेवतो.

आणि मग तो अपमानास्पद क्षण येतो. जावई त्याच्या लॅपटॉपवर एफ-८ दाबतो, आणि नशिराबादच्या पडद्यावर विक्रीचं व्हाउचर उघडतं.

“मामा, माझ्याकडून तर चालू राहिलं.”

यावर शेठजींचा निष्कर्ष असा, की बटण पुण्याहून चालतं, नशिराबादहून चालत नाही. म्हणजे उत्तर महाराष्ट्राचा अनुशेष आता कीबोर्डपर्यंत पोचला. हा निष्कर्ष राजकीयदृष्ट्या टिकाऊ असला तरी तूर्त बाजूला ठेवावा. कारण याच क्षणी मुनीम “इकडून बघा ना काय होतं” म्हणून आपलं एफ-८ दाबतो, विमान येतं, इंटरनेट जातं आणि पुणे तुटतं.

तरीही ही पायरी वाया गेली असं समजू नये. पुण्याहून व्हाउचर उघडलं याचा अर्थ टॅली ठणठणीत आहे, विंडोज ठणठणीत आहे. गडबड मुनिमाचं बोट आणि विंडोज यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. ज्यांना जावई नाही त्यांनी हीच तपासणी बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडून करावी. निदान तेच निघतं, मानपान वाचतो.

पायरी तिसरी : कार्यभार कुणाकडे

इथं थोडं थांबून बसावं. चहा मागवावा, पण लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवावा.

तालुक्यात तलाठी कमी आणि सजे जास्त असतात. मग एकाच तलाठ्याकडं दोन सजे देतात : एक त्याचा मूळ, दुसरा अतिरिक्त कार्यभार. तो कुठल्या वारी कुठं बसणार हे वरून ठरतं, आणि आपण नेमके चुकीच्या वारी चुकीच्या गावच्या कार्यालयासमोर सातबारासाठी उभे असतो. तलाठी रजेवर नाही, आजारी नाही, निलंबित तर मुळीच नाही. तो दुसऱ्या गावात काम करतोय, आणि मन लावून करतोय. लॅपटॉपच्या वरच्या ओळीचं अगदी असंच आहे.

मूळ सजा जुना. १९८१ साली आयबीएमनं पहिला पीसी काढला, तेव्हा ही बटणं दहाच होती आणि डाव्या कडेला दोन उभ्या ओळींत बसलेली होती. त्याच दशकात ती बारा झाली आणि वरच्या बाजूला आडवी पसरली. कामं ठरलेली : प्रोग्रॅम सांगेल ते. मग लॅपटॉप आला. जागा कमी, हौस जास्त. आवाज, उजेड, माइक, विमान, टचपॅड, दुसरा पडदा, या सगळ्यांना बटण हवं. नवी पदं मंजूर झाली नाहीत. आहेत त्याच बारांवर चित्रं छापून अतिरिक्त कार्यभार दिला. दोन्हीतलं कुठलं काम कधी करायचं हे ठरवायला डाव्या कोपऱ्यात एफएन नावाचं एक बटण बसवलं. आधी मूळ काम थेट व्हायचं आणि चित्राचं काम एफएन धरल्यावर. पुढं घरोघरी सिनेमे आणि व्हिडिओ कॉल वाढले. टॅलीवाल्यांपेक्षा आवाज वाढवणारे जास्त झाले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी क्रम उलटा केला. कुणाला न विचारता. मुनिमाला तर नाहीच.

तेव्हा पहिला प्रयोग : एफएन दाबून धरावं आणि मग एफ-८ दाबावं. व्हाउचर उघडलं? मग बटण मेलेलं नाही. ते अतिरिक्त सज्यावर आहे.

आता प्रत्येक व्हाउचरला दोन बोटं वापरायची नसतील तर क्रमच पुन्हा फिरवायचा. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी एफएन धरून एस्केप दाबावं लागतं. इतरही काही कंपन्यांनी हीच जोडी घेतली आहे. एस्केपच्या बटणावर चष्मा लावून पाहिलं तर बारीक कुलूप किंवा ‘एफएन’ ही अक्षरं दिसतील, काहींवर इवलासा दिवाही असतो. यालाच एफएन लॉक म्हणतात. एकदा दाबलं की इकडचा सजा, पुन्हा दाबलं की तिकडचा. काल रात्री नातवानं आवाज शोधताना डाव्या हाताचा पंजा ठेवला तो या दोघांवर. आजींना हे सांगायची गरज नाही.

विंडोजची सगळी सेटिंग धुंडाळली असती तरी जावयाला हे कुलूप का सापडलं नसतं, हेही सांगून टाकतो. एफएनचा निवाडा बहुतेक लॅपटॉपांत विंडोजपर्यंत जातच नाही. कीबोर्ड वाचणारी एक स्वतंत्र चिप आत बसलेली असते; मूळ काम की चित्राचं काम, हे ती खालच्या खाली ठरवते आणि विंडोजला फक्त निकाल कळवते. म्हणूनच कधीकधी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की ही चिप भानावर येते. बॅटरी निघत असेल तर तीही काढावी. गावात याला ‘करंट उतरवणं’ म्हणतात आणि ते फारसं चूक नाही.

पायरी चौथी : तळघर

काही लॅपटॉपवर एफएन-एस्केपची सोय नसते. तिथं विंडोजच्या खालच्या तळघरात, म्हणजे बायोसमध्ये, उतरावं लागतं. एचपीत त्या नोंदीचं नाव ‘ॲक्शन कीज मोड’, डेलमध्ये ‘फंक्शन की बिहेविअर’, लेनोवोत ‘हॉटकी मोड’. ती फिरवली की काम कायमचं झालं.

अडचण एवढीच, की बायोसमध्ये उतरायला लॅपटॉप चालू होता होता डेलवर एफ-२ आणि एचपीवर एफ-१० दाबावं लागतं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच सहीचा दाखला आणायचा. बदल जपून ठेवून बाहेर पडायलाही बहुधा एफ-१० च. ते ऐकत नसेल तर विंडोजच्या सेटिंगमधून जावं : सिस्टीम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप; लॅपटॉप पुन्हा उठला की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि शेवटी यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. तळघरात गेल्यावर आपली एक नोंद बदलून मुकाट वर यावं. ‘आलोच आहे तर बघू’ म्हणून इतर कुलपं चाळवली, तर पुढच्या वेळी लॅपटॉप अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती मुनिमाच्या वहीत नसते.

पायरी पाचवी : फॉरमॅट मारणे

करू नये.

हे एवढ्यावर सोडलं असतं, पण आपल्याकडं या उपायावर श्रद्धा फार. लॅपटॉप कुठल्याही काउंटरवर ठेवा, तिथला पोरगा तो उघडायच्या आधी म्हणतो, “फॉरमॅट मारा लागीन.” फॉरमॅटनं एफएन लॉक हलत नाही, कारण ते त्या चिपच्या ताब्यात, विंडोज पुसून तिला काय फरक पडणार? उलट नवं विंडोज टाकलं की लॅपटॉपच्या कंपनीचा तो छोटा प्रोग्रॅम जातो, जो चित्रांची कामं पार पाडत असतो. मग विमान उडत नाही, माइक बंद होत नाही, उजेड हलत नाही. आधी मूळ काम अडलं होतं. आता अतिरिक्तही अडलं. तोवर टॅलीच्या डेटाचा बॅकअप घेतला होता का, या प्रश्नावर काउंटरच्या दोन्ही बाजूंना सारखीच शांतता असते. ज्यांचा फॉरमॅट होऊन गेला आहे त्यांनी लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन आपलं मॉडेल शोधावं आणि तिथलं हॉटकीचं सॉफ्टवेअर टाकावं.

धुळीची सुनावणी

वरचं सगळं झालं, बाहेरचा कीबोर्ड चालतो, पण आतलं बटण एफएन धरूनही उठत नाही, तेव्हाच धुळीला बोलवावं. एकच बटण रुसलं असेल तर दोष त्याच्याखाली. तिथं काय सापडेल हे धंद्यावर अवलंबून आहे. केळीच्या आडत्याच्या कीबोर्डात केळीचा चीक असतो, आणि चीक कपड्यावरून निघत नाही तो बटणावरून काय निघणार. सरकी-पेंडवाल्याकडं पेंडीचा भुगा. हिवाळ्यात सर्वांकडं भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं; पण त्या भरितावर सुटलेलं तेल कीबोर्डावर गेल्यास ते वॉरंटीत बसत नाही.

लॅपटॉप उलटा करून हलकेच झटकावा, मऊ ब्रश फिरवावा. पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारू नये. त्याच्या टाकीतल्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात, आणि दाब असा की बटण उडून थेट भादली स्टेशनच्या दिशेनं जाईल. थिनर नको, पेट्रोल नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसता येतं, तेही लॅपटॉप बंद असताना.

एक नव्हे, चार बटणं एकदम गेली, आणि तीही वेगवेगळ्या ओळींतली, तर घाबरून नजर उतरवायला बसू नये. कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि बटण म्हणजे त्यातला एक छेद. एक रेष तुटली, की तिच्यावरची सगळी बटणं, एकमेकांची ओळखदेख नसताना, एकाच वेळी गप्प होतात. चहा सांडल्यावर बहुधा हेच होतं. मग मात्र जळगावला गोलाणी मार्केट गाठावं किंवा उलट्या दिशेनं भुसावळ. यावर घरात मतदान घ्यावं. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या झाकणाला रिव्हेटनं ठोकलेला असतो, त्यामुळं मजुरीचा आकडा बसूनच ऐकावा.

आणखी एक किरकोळ संशयित राहिला. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज ‘फिल्टर कीज’ चालू करू का असं विचारतं. घाईत ‘हो’ म्हटलं की हलकेच दाबलेली बटणं ते मोजतच नाही. बोट रेंगाळलं तरच काम. हिशेब लिहिता लिहिता कोपर शिफ्टवर टेकून फोनवर बोलणाऱ्यांनी हे तपासावं.

अंमलबजावणी

एफएन लॉक फिरलं. एफ-८ वर विक्री आली. मुनिमाचा चेहरा पूर्ववत झाला. विवरणपत्र गेलं. शेठजींनी एफ-५ दाबून पाहिलं, अंधार झाला नाही, आणि त्यांना किंचित चुकल्यासारखं झालं.

पण हाच लॅपटॉप संध्याकाळी घरी जातो. तिथं आता आवाज वाढवायला दोन बोटं लागतात आणि नातू तक्रार करतो. घरच्यांनी आवाज पडद्यावरच्या स्पीकरच्या चित्रातून, माऊसनं, वाढवावा असं आम्ही सुचवतो. मुनिमाला जे सांगायची आपली छाती झाली नाही ते नातवाला सांगायला हरकत नसावी. ते मान्य न झाल्यास कार्टून संपल्यावर एफएन-एस्केप पुन्हा दाबून ठेवायची जबाबदारी त्याच्याकडंच द्यावी. तो कधीतरी विसरणार. दुसऱ्या सकाळी विमान दिसलं, की थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी. दुसरीकडं वळू नये. सकाळी जावईबापूंची मीटिंग असते.